वाटणी आणि वाणी

श्रोतेहो, इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तह एवढेच आपल्या मनात येते. आज ज्या गोष्टीचा इतिहास सांगायचा आहे तिच्यात राजा नाही आणि लढाईही नाही. पण सीमा आहेत, सीमेवरून होणारे घोटाळे आहेत आणि ते घोटाळे टाळण्यासाठी माणसाने काढलेल्या युक्त्या आहेत. ही सीमा आहे संगणकाच्या पोटातल्या तबकडीवरची, म्हणजे हार्ड डिस्कवरची. तिचे हिस्से कसे पडले, ते लहानमोठे कसे करतात, आणि ज्याला डोळ्यांनी दिसत नाही त्याने हे नाजूक काम केवळ कानाने ऐकून कसे साधले, हा आजचा विषय.

विषय नवा आणि शहरी वाटेल. पण सीमा म्हणजे काय, हे मुकुटबनसारख्या गावाला कोणी शिकवायला नको. यवतमाळ जिल्ह्याच्या झरी-जामणी तालुक्यातले हे गाव. थोडे दक्षिणेला गेले की आदिलाबाद जिल्हा लागतो, आणि बाजारात मराठीच्या जोडीला तेलुगू कानावर पडते. या मुलखाच्या सीमा किती वेळा हलल्या बघा. १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आले. १९०३ साली ते मध्यप्रांताला जोडले गेले. आपल्या जिल्ह्याला पूर्वी वणीच्या नावाने ओळखत. १९०५ साली त्याला यवतमाळ हे नाव मिळाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आपण द्विभाषिक मुंबई राज्यात गेलो आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आलो. पलीकडचे आदिलाबाद तर आधी हैदराबाद संस्थानात होते. १९५६ नंतर ते आंध्र प्रदेशात आणि २०१४ पासून तेलंगणात आहे. शिवाय १९५६ च्या त्याच वाटणीत आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे तालुके तुटून इकडे आले.

इतक्या वेळा रेघ सरकली, पण विहीर जागची हलली नाही की चिंचेचे झाड हलले नाही. रेघ बदलली ती दप्तरात. तहसील बदलली, कोर्ट बदलले, कागदाची भाषाही कुठे कुठे बदलली. ज्याचे दप्तर वेळेवर आणि नीट बदलले, त्याची जमीन त्याच्या नावावर राहिली. जिथे दप्तर एक सांगते आणि जमीन दुसरे सांगते, तिथे भांडण उभे राहिले. संगणकाच्या तबकडीची सारी कथा या एका वाक्यात येते. ती आता क्रमाने पाहू.

तबकडी म्हणजे एक सलग शेत समजा. या शेताचे दोन-चार हिस्से पाडतात. इंग्रजी नाव पार्टिशन. एका हिश्शात संगणक चालवणारी मूळ प्रणाली राहते, दुसऱ्यात माणसाचे स्वतःचे कागद, हिशेब, गाणी आणि पुस्तके. साध्या संगणकावर पहिल्याला ‘सी’ आणि पुढच्याला ‘डी’ म्हणण्याची पद्धत आहे. हिस्से कशासाठी? बियाणे आणि खायचे धान्य आपण एका कणगीत ठेवत नाही, त्याच कारणासाठी. मूळ प्रणाली बिघडली आणि पुसून नव्याने घालावी लागली, तरी दुसऱ्या हिश्शातला माल सुखरूप राहावा. पण वाटणी करताना अंदाज चुकतो. ‘सी’ काठोकाठ भरतो, ‘डी’ अर्धा पडीक राहतो, आणि मग मधला बांध सरकवण्याची पाळी येते.

हे शेत मुळात केवढे होते? आयबीएम कंपनीने पहिली चुंबकी तबकडी बाजारात आणली ती १९५६ साली. रामॅक नावाच्या त्या यंत्रात दोन-दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या एकावर एक बसवलेल्या होत्या. वजन टनापेक्षा जास्त, आणि मावत होती फक्त ५० लाख अक्षरे. आज खिशातल्या फोनने काढलेले एखादे छायाचित्र तेवढी जागा खाते. गंमत अशी की ज्या वर्षी विदर्भाची रेघ नकाशावर सरकली, त्याच वर्षी ही तबकडी जन्माला आली.

मार्च १९८३ मध्ये आयबीएमने घरगुती आणि कचेरीतल्या वापराच्या संगणकात १० मेगाबाइटची तबकडी बसवून दिली. त्याच्याबरोबर आलेल्या डॉस प्रणालीत एफडिस्क नावाचे साधन होते. तबकडीवर हिस्से पाडण्याचे काम सामान्य माणसाच्या हाती आले ते इथपासून. या हिश्शांचा सातबारा कुठे लिहितात, तेही सांगतो. तबकडीच्या अगदी पहिल्या तुकड्यात ५१२ बाइट मावतात, म्हणजे साधारण ५१२ इंग्रजी अक्षरे. त्यातल्या शेवटी-शेवटीच्या ६४ बाइटांत सगळ्या वाटण्यांची नोंद असते. एका हिश्शाला १६ बाइट, म्हणून मूळ हिस्से फक्त चार. अमुक हिस्सा इथून सुरू, इतका लांब, बस्स. कित्येक वर्षांची मेहनत या एवढ्याशा उताऱ्यावर उभी असते. उतारा पुसला तर माल जागेवर असूनही सापडत नाही. अलीकडच्या संगणकांत ही जुनी पद्धत मागे पडली आहे. नव्या पद्धतीत सहसा १२८ हिश्शांची सोय असते आणि उताऱ्याची दुसरी प्रत तबकडीच्या शेवटी ठेवलेली असते. नव्या यंत्रांत तर फिरणारी तबकडीच नसते, तिच्या जागी स्थिर स्मृतीचा तुकडा असतो. नाव मात्र डिस्क हेच राहिले, जसे साखळी गेली तरी मोजणीदार अजून गुंठ्यातच बोलतो.

एफडिस्कमध्ये मोठी उणीव होती. बांध सरकवायचा तर आधी जुना हिस्सा मोडायचा, मग नवा पाडायचा. आतले सगळे जायचे. पीक उभे असताना बांध हलवायची सोय नव्हती. १९९३ साली आर्नो शेफर यांनी फिप्स नावाचे एक छोटे साधन मोफत देऊन टाकले. त्यामुळे हिश्शातला माल न पुसता त्याचे दोन भाग करता येऊ लागले. त्याच दशकात पॉवरक्वेस्ट कंपनीचे पार्टिशन मॅजिक आले. त्यात तबकडीचे चित्र एका लांब पट्टीसारखे दिसे. हिस्से रंगांनी दाखवलेले, आणि माउसने पट्टीची कड पकडून ओढली की हिस्सा लहान-मोठा. डोळस माणसाला हे फारच सोयीचे वाटले. पुढे २००४ साली लिनक्सच्या लोकांनी जीपार्टेड हे मोफत साधन काढले, तेही अशाच रंगीत पट्टीचे.

या कामातला एक नियम शिक्षकांनी ध्यानात ठेवण्यासारखा आहे, कारण तो नुसत्या संगणकाचा नियम नाही. हिस्सा लहान करायचा असेल तर आधी आतला माल एका बाजूला सारून घ्यायचा आणि मग बांध आत आणायचा. हिस्सा मोठा करायचा असेल तर उलट; आधी बांध बाहेर न्यायचा आणि मग आतली मांडणी पसरायची. क्रम चुकला, आधी बांध आत आणला, तर बांधाच्या पलीकडे राहिलेला माल परक्याच्या शेतात गेला म्हणून समजा. दप्तर आणि जमीन या दोघांची फारकत होते ती अशी. चांगली साधने हा क्रम आपणहून पाळतात; पण जो आज्ञा लिहून काम करतो त्याला तो ठाऊक असावा लागतो.

आता कथेचा दुसरा धागा घेऊ. ज्याला दिसत नाही, त्याने वाचायचे कसे?

फ्रान्समधल्या कूव्रे गावात १८०९ साली एका खोगीर करणाऱ्याच्या घरी लुई ब्रेल जन्मला. तीन वर्षांचा असताना बापाच्या आरीने डोळ्याला इजा झाली आणि पुढे दोन्ही डोळे गेले. त्याने सहा टिंबांची लिपी बसवली आणि १८२९ साली ती छापून प्रसिद्ध केली. सहा टिंबे कुठे उठावाची, कुठे सपाट, अशा त्यांच्या ६४ मांडण्या होतात. त्यातली एक कोरी. आपल्याकडे निरनिराळ्या भाषांसाठी निरनिराळ्या पद्धती चालू होत्या. त्यांना एकत्र आणणारी भारती ब्रेल १९५१ साली मान्य झाली, आणि १९५२ साली मुंबईत नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड ही संस्था स्थापन झाली. आपल्या भागापुरते बोलायचे तर वणीच्या पलीकडे वरोऱ्याला बाबा आमट्यांच्या आनंदवनात अंध मुलांची शाळा आहे. ब्रेलने वाचन दिले. पण ब्रेलची पुस्तके जाड, महाग आणि मोजकी. मराठीतले चार पुस्तकांचे कपाट ब्रेलमध्ये छापले तर खोली भरते.

संगणक आला आणि या कोंडीला वाट मिळाली. कारण संगणकात अक्षर म्हणजे एक आकडा. तो आकडा पडद्यावर आकृती होऊन उमटतो, तसाच तो आवाज होऊनही उमटू शकतो. १९८० च्या दशकात आयबीएममधल्या जिम थॅचर यांनी डॉसच्या पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी प्रणाली तयार केली. थॅचर यांचे गुरू आणि सहकारी जेसी राइट हे गणितज्ञ स्वतः अंध होते. त्या प्रणालीचे नावच स्क्रीन रीडर, म्हणजे पडदा वाचणारा. पुढे या जातीच्या सगळ्या साधनांना तेच नाव पडले. १९८९ मध्ये टेड हेंटर यांचे जॉज आले. हेंटर हे मोटारसायकलींच्या शर्यतीतले गडी. १९७८ च्या अपघातात त्यांची दृष्टी गेली होती.

त्या काळात पडदा म्हणजे अक्षरांच्या ओळी. वरून खाली वाचत गेले की झाले. एफडिस्कसुद्धा प्रश्न विचारी आणि उत्तर टाइप करून द्यावे लागे. त्यामुळे अंध माणूस डोळसाच्या बरोबरीने त्यात काम करू शके. मग खिडक्यांचे, चित्रांचे आणि माउसचे युग आले. १९९० नंतर विंडोज घरोघर पसरली आणि जे डोळ्याला सोपे झाले तेच कानाला अवघड होऊन बसले. रंगीत पट्टी ओढून हिस्सा बदलण्याचे साधन याचे सर्वांत बोलके उदाहरण. पट्टी म्हणजे नुसती रंगवलेली जागा. स्क्रीन रीडरच्या दृष्टीने तिथे वाचण्यासारखे काहीच नाही. जिथे एका ओढीत काम होत होते, तिथे अंध माणसाच्या कानावर शांतता पडू लागली. जॉजची विंडोजसाठीची आवृत्ती १९९५ साली आली खरी, पण तिची किंमत हजार डॉलरच्या आसपास. ती आपल्या खेड्यातल्या पोराने कुठून आणावी?

इथे या कथेत एक पुणेकर येतो. टी. व्ही. रामन हे पुण्यात वाढले. जन्म १९६५ चा. वयाच्या चौदाव्या वर्षी काचबिंदूने त्यांची दृष्टी पूर्ण गेली. घरची माणसे आणि मित्र पुस्तके वाचून दाखवत, आणि हे ऐकून अभ्यास करत. पुण्याच्या वाडिया महाविद्यालयातून त्यांनी गणितात पदवी घेतली, मुंबईच्या आयआयटीतून पदव्युत्तर पदवी घेतली आणि तिथून ते अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात गेले. १९९४ साली त्यांनी डॉक्टरेटसाठी जे काम सादर केले ते गणिताची पुस्तके ऐकवण्याचे. त्याला त्यांनी अ‍ॅस्टर असे नाव दिले. त्यांना वाट दाखवणाऱ्या कुत्रीचे नाव अ‍ॅस्टर होते. आपण फळ्यावर घात लिहिताना अंक वर आणि लहान काढतो. रामन यांच्या यंत्राने तो अंक चढ्या स्वरात म्हणायचा. डोळ्याला जे ‘वर’ दिसते ते कानाला ‘वरच्या पट्टीत’ ऐकू येते. शिक्षकबंधूंनो, यात केवढी दृष्टी आहे बघा!

पुढच्याच वर्षी, १९९५ मध्ये, त्यांनी इमॅक्सपीक हे साधन सर्वांना मोफत दिले. त्यामागचा विचार समजून घेण्यासारखा आहे. नेहमीचा स्क्रीन रीडर पडद्यावर जे दिसते ते वाचतो. समजा पडद्यावर महिन्याचे कॅलेंडर आहे. तो एकेक ओळ वाचेल, ‘१, २, ३, ४’. त्यातली आजची तारीख कोणती आणि वार कोणता, ते ऐकणाऱ्याने मनात बोटे मोजून काढावे. रामन यांचे म्हणणे असे की संगणकाला वार आणि तारीख आधीपासून ठाऊक आहेच. चौकट ही डोळ्यांसाठी केलेली मांडणी आहे. तेव्हा चौकट वाचू नका, अर्थ बोला. वार सांगा, तारीख सांगा, महिना सांगा. पडदा म्हणजे अर्थाचे एक रूप, आणि आवाज म्हणजे त्याच अर्थाचे दुसरे, तितकेच स्वतंत्र रूप.

हाच विचार आपल्या तबकडीला लावून पाहू. रंगीत पट्टी काय सांगते? कोणता हिस्सा कुठे सुरू होतो, कुठे संपतो आणि त्याच्या शेजारी कोण आहे. हे सांगायला रंग कशाला हवा? आपल्या खरेदीखतात नकाशा नसला तरी चतुःसीमा लिहिलेल्या असतात. पूर्वेस अमक्याचे शेत, पश्चिमेस नाला, दक्षिणेस गाडीवाट, उत्तरेस तमक्याचा बांध. त्यावरून जाणता माणूस डोळे मिटून शेत ओळखतो. तबकडीची चतुःसीमा तर याहून सोपी. तिला दोनच बाजू, आरंभ आणि शेवट.

हे किती उपयोगी पडते, ते एका हिशेबाने दाखवतो. समजा तबकडी ५०० जीबीची आहे. ‘सी’ ० पासून १०० पर्यंत आणि ‘डी’ १०० पासून ५०० पर्यंत. ‘सी’ भरला, म्हणून ‘डी’मधून ५० जीबी काढून ‘सी’ला द्यायचे आहेत. ‘डी’ लहान केला. मोकळी जागा झाली, संगणकानेही सांगितले की ५० जीबी मोकळे आहेत. पण आता ‘सी’ वाढवायला जावे तर संगणक नकार देतो. का? कारण हिस्सा लहान होतो तो शेवटाकडून. मोकळी जागा सुटली ती ४५० ते ५०० मध्ये, ‘डी’च्या पलीकडच्या टोकाला. ‘सी’चा शेजारी अजून ‘डी’च आहे. विंडोजची स्वतःची साधने हिस्सा वाढवतात ते उजवीकडे लागून असलेल्या मोकळ्या जागेतच. डोळस माणूस पट्टीकडे पाहून म्हणतो, “अरे, जागा तर भलत्याच टोकाला!” ज्याला फक्त ‘५० जीबी मोकळे’ एवढेच ऐकू आले, तो मात्र अडून बसतो आणि दोष स्वतःला देतो. वस्तुतः दोष त्याचा नाही, अर्धवट सांगणाऱ्याचा आहे. आरंभ आणि शेवट हे दोन आकडे त्याला सांगितले असते, तर त्यानेही तेच निदान केले असते.

म्हणून अंध जाणकार चित्राची साधने सोडून आज्ञा लिहून चालणारी साधने वापरतात. विंडोजमध्ये डिस्कपार्ट नावाचे असे साधन आहे. त्याला ‘लिस्ट पार्टिशन’ म्हटले की तो प्रत्येक हिश्शाचा क्रमांक, प्रकार, आकार आणि आरंभापासूनचे अंतर ओळीने सांगतो. अंतर अधिक आकार बरोबर शेवट. बेरीज आली की चतुःसीमा आली. लिनक्समध्ये पार्टेड नावाच्या साधनाला मोकळ्या जागेसह यादी मागितली की तो आरंभ आणि शेवट हे दोन्ही स्वतःच बोलून दाखवतो. हिस्सा किती कमी करायचा तेही आकड्यात सांगायचे. २० जीबी कमी करायचे तर मेगाबाइटात २०,४८० लिहायचे, कारण एका जीबीत १,०२४ मेगाबाइट धरतात. माउसने ओढणाऱ्याचा हात थरथरला तर आकडा चुकतो. लिहिणाऱ्याचा आकडा चुकत नाही. या कामात दिसणाऱ्याने न दिसणाऱ्याची रीत शिकावी, असेच मी म्हणेन. विंडोजच्या चित्रमय साधनातही २००७ च्या व्हिस्टापासून हिस्सा लहान करण्याची सोय आली आणि तिथेही आकडा टाइप करण्याची चौकट आहे. ती कळफलकावरून गाठता येते.

पण आज्ञा लिहिण्यात एक धोका आहे, तो सांगायला हवा. एकाच संगणकाला दोन तबकड्या जोडलेल्या असतील तर कोणती निवडली आहे ते नीट ऐकावे लागते. डिस्कपार्ट निवडलेल्या ओळीपुढे ताऱ्याची खूण करतो. स्क्रीन रीडरने चिन्हे न वाचण्याचे ठरवले असेल तर ती खूण ऐकूच येत नाही. आणि ‘क्लीन’ नावाची एक आज्ञा अशी आहे की ती निवडलेल्या तबकडीवरच्या साऱ्या वाटण्यांची नोंद पुसते, आणि पुसताना विचारतही नाही. म्हणून जाणकारांची सवय अशी की प्रत्येक पावलाआधी यादी पुन्हा मागायची, तबकडी नावाने नव्हे तर तिच्या आकाराने ओळखायची, आणि सगळ्यात आधी आपल्या कागदांची दुसरी प्रत वेगळ्या जागी काढून ठेवायची. हिस्सा आरंभाकडून सरकवायचा असेल तर आतला सगळा माल उचलून नेला जातो, त्याला तास न् तास लागतात. मध्येच वीज गेली तर माल ना इकडचा ना तिकडचा. ज्यांनी भारनियमन भोगले आहे त्यांना हे अधिक सांगायला नको. लॅपटॉपची बॅटरी पूर्ण भरलेली असल्याशिवाय या कामाला हात घालू नये.

एक कोंडी मात्र बरीच वर्षे सुटली नव्हती. नवी प्रणाली घालताना हिस्से पाडावे लागतात, आणि त्या वेळी संगणकात बोलणारे कोणी नसते. बोलणारा तर अजून यायचा असतो! वाटणीच्या दिवशी नेमका दुभाष्या गैरहजर. अशा वेळी डोळस माणसाला हाक मारण्यावाचून गती नव्हती. लिनक्सच्या जगात कर्क रायझर यांच्या स्पीकअपने प्रणालीच्या गाभ्यातूनच बोलण्याची सोय केली, म्हणजे यंत्र सुरू होता होताच आवाज येऊ लागला. १९९५ पासून ब्रेल पट्टी जोडून वाचण्याचे बीआरएलटीटीवाय हे साधन होतेच. २०१३ मध्ये आलेल्या डेबियन ७ या लिनक्समध्ये तर ब्रेल पट्टी नसलेल्या अंध माणसालाही नुसत्या आवाजावर पहिल्यापासून प्रणाली घालता येऊ लागली. विंडोजमध्ये ही सोय यायला २०१७ साल उजाडले. म्हणजे बघा, तबकडीची वाटणी सामान्य माणसाच्या हाती आली १९८३ साली. पण स्वतःच्या संगणकाची पहिली वाटणी दुसऱ्याच्या डोळ्यांवाचून करण्याचा अधिकार बहुतेक अंध माणसांना मिळायला पुढे तीन दशके गेली.

किमतीची अडचणही अशीच सुटली. ऑस्ट्रेलियातले मायकेल करन हा अंध तरुण २००६ मध्ये एनव्हीडीए नावाचा मोफत स्क्रीन रीडर लिहू लागला. जेम्स टेह हा त्यांचा अंध मित्र त्यांना येऊन मिळाला. आज तो जगभर वापरला जातो. त्याच्याबरोबर येणाऱ्या ईस्पीक या वाणीत मराठीही आहे. आवाज रुक्ष आहे, आपल्या निवेदकांसारखा गोड नाही. पण तो फुकट आहे, आणि सवयीने माणूस तो इतक्या भरधाव वेगात ऐकतो की शेजारी बसलेल्याला एक शब्दही कळू नये.

श्रोतेहो, कोणी म्हणेल, तबकडीचे हिस्से बदलणे हे काम वर्षातून एकदाही पडत नाही, त्यासाठी एवढा खटाटोप कशाला? समजा, मुकुटबनच्या बाजूचा एक अंध मुलगा कॉलेजात शिकतो. त्याच्या लॅपटॉपवर तीन वर्षांची टिपणे आहेत, ध्वनिमुद्रित पुस्तके आहेत, स्पर्धा परीक्षेची तयारी आहे. डोळस मुलाची वही हरवली तर तो मित्राची उतरून काढतो. याची मात्र सारी वही त्या तबकडीत. ‘सी’ भरला, यंत्र रखडू लागले. तो दुकानात नेतो. दुकानदार माणूस वाईट नसतो, पण घाईत असतो. तो सगळे पुसून नवी प्रणाली घालतो, त्यात स्क्रीन रीडर घालायचे राहून जाते, आणि मुलाच्या हाती एक मुका डबा येतो. आपले शेत दुसऱ्याने मोजावे, दुसऱ्याने वाटावे आणि आपण बांधावर उभे राहून ‘झाले का हो’ विचारावे, ही अवस्था कोणत्याही शेतकऱ्याला कशी वाटेल ते सांगायला नको. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ साली झाला. पण कायद्यातला हक्क आणि हातातला हक्क यांत अंतर असते, आणि ते अंतर असल्या बारीक कामांतूनच भरून निघते.

म्हणून खेड्यातल्या शिक्षकांना दोन-तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. वर्गात अंध विद्यार्थी असेल तर ‘हे बघ, इथे, हा निळा’ असे म्हणू नका. नाव सांगा, आकडा सांगा, आधी काय आणि नंतर काय ते सांगा. त्याच्या हातातला कळफलक आपल्याकडे ओढून घेऊ नका. काम तुमच्या हाताने लवकर होईल हे खरे, पण ते तुमचे काम होईल, त्याचे नव्हे. आणि बांध सरकवण्याचा क्रम त्याला आधी शेताच्या उदाहरणाने शिकवा. आज्ञा यंत्राबरोबर बदलतील, क्रम बदलणार नाही. डोळस मुलांनाही तो ऐकू द्या. चित्राकडे बघून जे नुसते ओढत होते, त्यांना आपण नेमके काय ओढतो ते तेव्हाच कळेल.

शेवटी आपल्या घरची एक आठवण करून देतो. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने पाच जिल्ह्यांतल्या खेड्यांसाठी शेतकी श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. गावकरी रेडिओभोवती बसत, ऐकलेल्यावर चर्चा करत आणि पटेल ते शेतात करून पाहत. तिथे पडदा नव्हता, चित्र नव्हते. खताचे प्रमाण, बियाण्याचा दर, पेरणीचे अंतर, सगळे शब्दांत आणि आकड्यांत सांगितले जाई, आणि ऐकणाऱ्यांची शेते त्यावर पिकत. ज्या समाजाने कानाने ऐकून शेती सुधारली, त्याला तबकडीची वाटणी कानाने होते यात नवल वाटण्याचे कारण नाही. फक्त सांगणाऱ्याने पुरते सांगितले पाहिजे. कुठून, कुठपर्यंत, आणि शेजारी कोण.